इंदूर : घाटमाथ्यावरील शहराचा जमाखर्च

(सरपंच, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या प्रशिक्षण शिबिरात एका निवृत्त भूगोल-शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘भूगोल, लोकसंख्या आणि शहराची आर्थिक प्रगती’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. शिवाय असा विषय व्याख्यांच्या व आकड्यांच्या गर्दीत हरवून जाण्याची भीती असते. म्हणून मी एकच शहर घेणार आहे, आणि तेही आपल्या नित्याच्या येण्याजाण्यातले, म्हणजे इंदूर. आपल्यापैकी कोणी तेथे सोयाबीन घेऊन जातो, कोणी औषधोपचारासाठी जातो, तर कोणाची मुले तेथे शिकत आहेत. जे शहर आपण रोज पाहतो, ते तेथेच का वाढले आणि पुढे किती वाढू शकेल, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

आपण नकाशा समोर धरला, तर एक गोष्ट प्रथम नजरेत भरते. इंदूरपासून शंभर किलोमीटरांच्या परिघात चार जुन्या राजधान्या आहेत. उज्जैन ही प्राचीन अवंतीची नगरी, धार परमारांचे, मांडू माळव्याच्या सुलतानांचे, आणि महेश्वर अहिल्याबाईंचे. प्रतिष्ठेने ही चारही स्थाने इंदूरहून थोर. असे असता त्या सर्वांना मागे टाकून हे तुलनेने अलीकडचे गाव मध्यप्रदेशातील सर्वांत मोठे शहर कसे झाले? त्याचे उत्तर त्याच्या जागेत आहे. आणि आज त्या शहरापुढे जी सर्वांत मोठी अडचण उभी आहे, तिचे मूळही त्याच जागेत आहे. एका हाताने दिलेले भूगोलाने दुसऱ्या हाताने कसे मागून घेतले, हे मला आज आपणांस सांगावयाचे आहे.

जागेची देणगी

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेजवळ वसले आहे. शहर सोडून महूच्या पलीकडे गेलो की विंध्याचा कडा लागतो. तेथून जमीन एकदम खाली उतरते आणि निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात जाते. पठाराचा उतार मात्र उत्तरेकडे आहे. त्यामुळे इंदूरची खान नदी उत्तरेकडे वाहत जाऊन क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, आणि चंबळ यमुनेला. चंबळेचा उगमही महूजवळच्या जानापाव डोंगरातच आहे. शिक्षक मित्रांनी वर्गात सांगावी अशी ही गंमत आहे. इंदुरातील छपरावर पडलेला पाऊस गंगेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जातो, आणि काही कोसांवर पाताळपाणीच्या कड्यावरून कोसळणारे पाणी नर्मदेच्या वाटेने अरबी समुद्राला जाते. इंदूर दोन समुद्रांच्या पाणलोटांमधील वरंब्यालगत बसलेले आहे.

दक्षिणेकडून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्यास पूर्वी खानदेशातून सातपुडा ओलांडावा लागे, नर्मदा उतरावी लागे आणि नंतर विंध्याचा चढ चढावा लागे. एवढे श्रम करून माथ्यावर आले की समोर सपाट काळी जमीन, बैलांना वैरण, आणि लहानसहान ओढ्यांचे पाणी. तांडे येथे विसावणार, माल उतरणार, सौदे होणार, हे ओघाने आलेच. गुजरातेतून धारमार्गे पूर्वेस जाणारी वाटही याच भागातून जाते. वाटा जेथे एकमेकींना छेदतात तेथे बाजार भरतो, आणि इंदूरचा जन्म अशा बाजारातून झाला आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे हीच जुनी वाट पक्की केली.

या जागेचे महत्त्व राज्यकर्त्यांनीही ओळखले. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून कारभार केला. महेश्वर नर्मदाकाठी आहे, तेथे पाण्याची ददात नाही. परंतु १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, इंग्रजांची लष्करी छावणी महूस पडली, आणि होळकरांची राजधानी इंदूर ठरली. इंग्रजांची रेसिडेन्सीही इंदुरासच आली. सैन्य, दरबार आणि व्यापार हे तिन्ही एका ठिकाणी आले म्हणजे शहर वाढावयास आणखी काय हवे? महेश्वराजवळ पाणी होते, पण हमरस्ता नव्हता. इंदूरजवळ हमरस्ता होता, पण मोठे पाणी नव्हते. त्या काळी हमरस्त्याचे पारडे जड ठरले. ही निवड आपण लक्षात ठेवू या. तिचे देणे पुढे फेडावे लागले आहे.

मातीतून भांडवल

आता मातीकडे वळू. माळव्याची जमीन ही लाव्हारसापासून झालेल्या काळ्या खडकाची माती आहे. ती ओल धरून ठेवते. येथील हिवाळा कोरडा व थंड असतो. या दोन गोष्टी अफूच्या पिकास मानवतात. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे, आणि तिच्या व्यापारात इंदूरच्या सावकारपेढ्यांनी अमाप पैसा मिळविला. या व्यापाराने परक्या देशातील लाखो माणसांची धूळधाण केली, हे विसरता कामा नये. परंतु आपल्या विषयापुरता त्यातील अर्थशास्त्राचा धडा असा, की मुंबई बंदरापासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर असलेल्या पठारावरून घाट उतरून माल न्यावयाचा, तर तो वजनाने हलका आणि किमतीने भारी असावा लागतो. तरच वाहतुकीचा खर्च परवडतो. इंदूरच्या सर्व पुढील उद्योगांना हा नियम लागू पडलेला दिसेल.

चीनकडे होणारी अफूची निर्यात १९१३ च्या सुमारास बंद झाली. ज्या पेढ्यांत हा पैसा साठला होता, त्यांनी तो कापडाच्या गिरण्यांत घातला. कापूस माळवा व निमाड येथे पिकत होताच. गिरणीची वाट त्यापूर्वीच तुकोजीराव होळकर दुसरे यांनी दाखविली होती. त्यांनी १८७० च्या सुमारास इंदुरात सरकारी कापड गिरणी सुरू केली. याच दूरदृष्टीच्या राजाने खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. संस्थानाने सरकारला कर्ज द्यावे, हे त्या काळी नवलच होते. पण हिशेब सरळ होता. घाटाने राज्याचा माल अडविला होता, आणि तो अडसर दूर करण्याची किंमत एक कोटी रुपये होती.

तरी घाट पूर्णपणे वश झाला नाही. हा मार्ग मीटर गेजचा झाला आणि काळाकुंड ते पाताळपाणी हा चढ गाड्यांना सदैव कठीणच राहिला. मुंबईहून दिल्लीस जाणारे दोन मोठे रुंद मार्ग, एक पश्चिमेस रतलामवरून आणि दुसरा पूर्वेस खंडवा-इटारसीवरून, इंदूरला मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी निघून गेले. जुना घाटमार्ग रुंदीकरणासाठी २०२३ मध्ये बंद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंदूर ते मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली असून त्याचा अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये आहे. धुळे आणि मालेगाव या मार्गावर येतील. बैलगाडीच्या काळी तांडे ज्या दिशेने येत, त्याच दिशेने आता आगगाडी आणावयाची आहे. दीडशे वर्षांनंतरही उंचसखलपणाचा प्रश्न तोच आहे, हे यावरून दिसेल.

माणसांची भर

भूगोल जागा देतो. तिचा उपयोग माणसे करतात. १९०१ च्या गणनेत इंदूर शहराची वस्ती सुमारे ८७ हजार होती. १९५१ मध्ये ती सुमारे ३ लाख ११ हजार झाली, १९७१ मध्ये ५ लाख ६१ हजार, १९९१ मध्ये उपनगरांसह सुमारे ११ लाख, आणि २०११ मध्ये उपनगरांसह सुमारे २१ लाख ७० हजार. स्वातंत्र्योत्तर काळात दर वीस वर्षांनी वस्ती जवळजवळ दुप्पट होत गेली, असा याचा अर्थ आहे.

ही माणसे आली कोठून? होळकरांबरोबर दक्षिणेतून सरदार, शिलेदार, कारकून, शास्त्री आले. आपली मराठी भाषा येथे त्यांनी रुजविली. मारवाडातून सावकार आले. बोहरी व्यापारी आले. गिरण्यांना माळवा-निमाडच्या खेड्यांतून व उत्तरेकडून मजूर मिळाले. १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी रिकाम्या हातांनी बाजारपेठा उभ्या केल्या. प्रत्येक लोंढ्याने काही मागितले आणि काही दिले. लोकसंख्या म्हणजे केवळ खाणारी तोंडे, असे मानणे चूक आहे. तशीच ती केवळ काम करणारे हात आहे, असे मानणेही अपुरे आहे. हातांना कसब हवे, आणि तोंडांना प्रथम पाणी हवे.

दाट वस्तीचा धोका काय असतो, हे इंदूरने प्लेगच्या साथींत अनुभवले. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना दरबाराने पाचारण केले आणि त्यांनी १९१८ मध्ये शहराविषयी आपला अहवाल सादर केला. त्यांनी दिवाळीत एक आगळी मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील, त्याच रस्त्यांवरून मिरवणूक जाईल असे जाहीर केले. लोकांनी चढाओढीने घरे झाडली, केरकचरा गाडे भरभरून बाहेर काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि झाडूवाल्यांना मानाचे स्थान होते. २०१७ ते २०२३ या सात वर्षांच्या स्वच्छता सर्वेक्षणांत इंदूर देशात सतत पहिले आले. या यशाची एक जुनी मुळी त्या दिवाळीत आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कसबाच्या बाबतीत मात्र शहराने मोठा धक्का सोसला. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रे जुनी झाली, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले, आणि ज्या गिरणीच्या भोंग्यावर अर्धे शहर उठत असे ते भोंगे थांबले. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये मोकळे झाले. या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. एकाच धंद्यावर विसंबलेल्या वस्तीची अशी अवस्था होते.

शहर तरीही बसले नाही, कारण १९८० नंतर धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली. ती धार जिल्ह्यात का? तो जिल्हा मागासलेला म्हणून सवलतींस पात्र होता, आणि इंदूरचा बाजार, बँका, शाळा व दवाखाने पंचवीस-तीस किलोमीटरांवर होते. तेथे मोटारी, यंत्रे व औषधे तयार होऊ लागली. इंदुरात १९९६ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था आणि २००९ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था आली. संगणकाचे उद्योग आले. हलका आणि मोलाचा माल, हा जो नियम मी मघाशी सांगितला, तो येथे पुन्हा प्रत्ययास येतो. औषधाच्या गोळीला आणि संगणकाच्या आज्ञावलीला घाटाचे ओझे वाटत नाही.

पाण्याचा हिशेब

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. मी लहान असताना आमच्या गल्लीत नगरपालिकेच्या नळाला पहाटे पाणी येई. आई आम्हां भावंडांना उठवी, आणि आम्ही घागरी घेऊन रांगेत बसत असू. नळ सूं सूं असा आवाज करू लागला की रांगेत गलका होई, कारण त्याचा अर्थ पाणी संपले असा असे. तेव्हा वाटे की हा नळाचा दोष आहे. पुढे भूगोल शिकलो तेव्हा कळले, की दोष नळाचा नव्हता. आम्ही पाणलोटाच्या माथ्यावर राहत होतो.

माथ्यावर नद्या जन्मतात, पण त्या तेथे लहानच असतात. मोठी नदी खाली गेल्यावर होते. काळ्या खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच भूजल राहते. ते वालुकामय मैदानासारखे विपुल नसते. पाऊस वर्षाला सुमारे ९० सेंटिमीटर, तोही चार महिन्यांत. ही मर्यादा ओळखून होळकरांच्या राज्यात सिरपूर, बिलावली असे तलाव बांधले गेले, आणि १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर झाला. तीन लाख वस्तीस ही व्यवस्था कशीबशी पुरत होती. सहा लाखांस ती पुरेना. १९७० मध्ये नागरिकांनी, विशेषतः तरुणांनी, नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले. १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात आले, आणि त्यानंतर आणखी दोन टप्पे झाले.

हे पाणी मंडलेश्वरजवळ जलूद येथे नर्मदेतून उचलले जाते आणि सुमारे ७० किलोमीटरांवर इंदुरास येते. आता नकाशावर जलूदपासून महेश्वर किती जवळ आहे ते पाहा. १८१८ मध्ये राजधानीने नर्मदाकाठ सोडून माथ्यावरचा हमरस्ता निवडला, आणि बरोबर १६० वर्षांनी त्याच काठचे पाणी नळांतून वर चढवून आणावे लागले. मघाशी ज्या देण्याचा उल्लेख केला, ते हेच.

हे देणे किती, याचा हिशेब सातवीचा विद्यार्थीही करू शकेल. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर चढवावयास निसर्गनियमानुसारच सव्वा युनिटाहून अधिक वीज लागते. येथील चढ पाचशे मीटरांहून अधिक आहे. त्यात नळातील घर्षण आणि पंपातील तूट धरली, तर हा आकडा दोन युनिटांच्या आसपास जातो. शहरी वस्तीसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांच्या घरास पावणेसातशे लिटर झाले. म्हणजे घरात एकही दिवा लागण्यापूर्वी, केवळ पाणी दारात येण्यासाठी, त्या घराच्या नावावर महिन्याला सुमारे चाळीस युनिट वीज खर्ची पडते. नदीकाठच्या शहराला हा भार नाही. इंदूरचे प्रत्येक नवे घर, प्रत्येक नवा कारखाना हा भार वाढवितो. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने रोखे काढून लोकांकडून २४४ कोटी रुपये उभारले, ते जलूद येथील ६० मेगावॉट सौर विद्युत प्रकल्पासाठी. विजेचे बिल कमी करण्याचा हा शहाणा उपाय आहे. परंतु त्याने चढ कमी होत नाही. आणि नर्मदेलाही मर्यादा आहेत, तिच्यावर चार राज्यांचे हक्क आहेत. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेच्या उगमाशी चढवून आणले गेले. उज्जैनलाही आता त्याच नदीचा आधार घ्यावा लागला आहे.

खेड्यांचा वाटा

आपणांस वाटेल, हा शहराचा प्रश्न. आम्हां खेड्यांतील लोकांचा त्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे.

माळवा म्हणजे पावलोपावली पाणी, अशी या भूमीची ख्याती होती. आमच्या वाडवडिलांच्या काळी पावसाळ्यात काळी जमीन बहुधा मोकळी ठेवीत, ती ओल पिऊन घेई, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू पिके. १९७० नंतर सोयाबीन आले. पूर्वी मोकळ्या राहणाऱ्या हंगामात पीक मिळू लागले, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, आणि इंदूर सोयाबीनच्या व्यापाराचे व तेल गिरण्यांचे केंद्र बनले. १९८७ मध्ये सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही येथेच आली. हा लाभ खरा आहे. परंतु सोयाबीननंतरच्या गव्हाला केवळ ओल पुरत नाही, त्यास पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. म्हणून नलिका-विहिरी झाल्या. एकीचे पाणी खाली गेले की दुसरी अधिक खोल. शहराच्या भोवतीच्या वसाहतींनीही तोच मार्ग धरला. खडकाच्या भेगांत जे पाणी होते, ते शेतकरी आणि नगरवासी दोघेही एकाच वेळी उपसू लागले.

याचा शेवट काय होतो, हे शेजारच्या देवासने दाखविले. १९९० मध्ये देवास शहराला आगगाडीच्या वाघिणींतून पाणी पुरवावे लागले. मात्र त्याच देवास जिल्ह्याने मार्गही दाखविला. २००६ पासून जिल्हा प्रशासनाच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडला आणि हजारो शेततळी खोदली. प्रथम पुष्कळांना वाटले की जमीन गेली. पाऊस पडून तळे भरल्यावर कळले की उरलेली नऊ हिस्से जमीन खऱ्या अर्थाने हाती आली. धरण नाही, बोगदा नाही. ज्या माथ्यावर पाऊस पडला, तेथेच तो थांबविला. माथ्यावरच्या प्रदेशास याहून स्वस्त पाणी मिळणे नाही.

याच संदर्भात आणखी एक आठवण करून देतो. १९२४ ते १९३१ या काळात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संस्थेत पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती व राख यांपासून खत करण्याची पद्धत बसविली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. दोघांचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. असे खत मिळालेली जमीन अधिक पाणी धरून ठेवते. आपल्याच गावाच्या नावाने जगात गाजलेली पद्धत आपल्याच शेतांत किती ठिकाणी दिसते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

शहराचेही कर्तव्य आहे. गावांच्या काळ्या सुपीक जमिनींवर वसाहती पसरत आहेत. ओढे बुजवून भूखंड पाडले जातात, आणि मग एका पावसात रस्ते नद्या होतात व एप्रिलमध्ये विहिरी कोरड्या पडतात. जुने तलाव हे शहराचे खरे भांडवल आहे. सिरपूर आणि यशवंतसागर यांना २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले, आणि २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर या शहरांना पाणथळ-नगर अशी मान्यता लाभली. हा मान टिकवावयाचा, तर तलावात पाणी आणणारे ओढे मोकळे राहिले पाहिजेत. ते ओढे शहराच्या हद्दीत जन्मत नाहीत. ते आपल्या ग्रामपंचायतींच्या शिवारांतून येतात.

आपण काय करू शकतो

इंदूरचा मोठा जमाखर्च मी आपल्यापुढे मांडला. जमेच्या बाजूस दोन वाटांचा छेद, काळी माती, साठलेले भांडवल आणि चहूकडून आलेली कसबी माणसे. खर्चाच्या बाजूस घाटाची वाहतूक आणि चढविलेले पाणी. लोकसंख्या दोन्ही बाजूंस येते. ती शिकलेली व निरोगी असेल तर जमा वाढविते. तशी नसेल तर केवळ खर्च वाढविते. वाहतुकीचा खर्च नवे मार्ग आणि हलका माल यांनी पुष्कळसा कमी होऊ शकेल. पाण्याचा खर्च मात्र प्रत्येक माणसागणिक वाढतच जाणार. म्हणून माझे मत असे आहे, की या शहराची व भोवतालच्या खेड्यांची पुढील प्रगती ही माथ्यावर पडणारा पाऊस आपण माथ्यावरच किती रोखतो, यावर अवलंबून राहील.

सरपंच बंधुभगिनींना विनंती, की आपल्या शिवारातील ओढे, नाले आणि जुनी तळी यांची नोंद दप्तरात आहे तशी जमिनीवर आहे काय, हे एकदा पायी फिरून पाहावे. ग्रामसेवकांनी वैशाखात आणि भाद्रपदात गावातील निदान पाच विहिरींची पातळी मोजून फळ्यावर लिहावी. घरचा जमाखर्च आपण लिहितो. गावच्या पाण्याचा का लिहू नये?

आणि शिक्षकांना एक छोटा पाठ सुचवितो. शंभर चौरस मीटर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी होते. आपल्याकडील ९० सेंटिमीटर पावसात एवढ्याच छपरावर ९० हजार लिटर पाणी पडते. त्यातील काही वाया गेले आणि ७० हजार लिटर हाती लागले असे धरू. पाच माणसांच्या कुटुंबाची ती शंभर दिवसांची गरज आहे. तेवढेच पाणी जलूदहून चढवावयाचे, तर सुमारे एकशे चाळीस युनिट वीज लागेल. हे गणित मुलांनी स्वतः शाळेचे छप्पर मोजून करावे. पावसाच्या दिवशी पन्हळीखाली बादली ठेवून ताळा पाहावा. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय त्या एका बादलीत शिकविता येतात.

आमच्या पिढीने घागर घेऊन रांगेत बसून हा धडा शिकला. पुढच्या पिढीला तो वहीत शिकता यावा, रांगेत नव्हे, एवढीच माझी इच्छा आहे.

 आपण प्रश्न विचारावेत. माझ्या आकड्यांपेक्षा आपल्या विहिरींचे आकडे मला अधिक ऐकावयाचे आहेत.